संत सेना महाराज : ज्यांची धोकटी देवानं खांद्याला लावली

हिंगोली : श्रावण वद्य द्वादशी म्हणजे संत सेना महाराजांची पुण्यतिथी. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ, सेनगाव, कुठल्याही तालुक्यात जा, त्या दिवशी बऱ्याच सलूनचं शटर खाली असतं. फोटोला हार, भजन, कीर्तन, महाप्रसाद असा कार्यक्रम होतो. कीर्तनात एक प्रसंग ठरलेला असतो. राजाचं बोलावणं येतं, सेना महाराज पूजेत असतात, अन् विठ्ठल स्वतः न्हावी होऊन राजवाड्यात जातो. लोक टाळ्या वाजवतात, माना डोलावतात.

पण वाड्यात गेल्यावर देवानं काय काम केलं, हे बारकाईनं बघायला पाहिजे. त्यानं राजाला ज्ञान सांगितलं नाही. त्यानं राजाची दाढी-डोई केली अन् तेलाची वाटी घेऊन त्याचं अंग रगडून दिलं. दुसऱ्याच्या शिणलेल्या अंगाला हात लावायचा, दुखणारी जागा शोधायची अन् ती मोकळी करायची, हे ते काम. गावानं या कामाला कधी मोठं म्हटलं नाही. सेना महाराजांचं चरित्र या कामापासून वेगळं करता येत नाही.

काळ कोणता, गाव कोणतं

सेना महाराजांच्या जन्माचं गाव आणि साल यावर एकमत नाही. वारकरी परंपरा त्यांना ज्ञानेश्वर-नामदेवांच्या मेळ्यातले मानते. उत्तरेकडची परंपरा त्यांना स्वामी रामानंदांचे शिष्य मानते, म्हणजे कबीर, रैदास, पीपा, धन्ना यांच्या ओळीत बसवते. ते ज्या राजाच्या चाकरीत होते, तो कुणी बिदरचा सांगतात, तर कुणी बांधवगडचा. बांधवगड म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातला उमरिया जिल्हा. दोन्हीकडच्या लोकांनी त्यांना आपलं म्हटलं अन् दोन्ही भाषांत त्यांच्या नावानं रचना गायल्या जातात.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत आहे. ते जातीनं आणि धंद्यानं न्हावी होते. संत झाल्यावरही त्यांनी ही ओळख लपवली नाही. आपल्या अभंगांत ते स्वतःला न्हावीच म्हणवून घेतात. वारीक हा न्हाव्यासाठीचा जुना मराठी शब्दही त्यांच्या अभंगातून आजपर्यंत टिकला.

धोकटीतला धंदा

आजच्या पोरांना धोकटी म्हणजे काय ते सांगावं लागेल. न्हाव्याची चामड्याची पिशवी म्हणजे धोकटी. तिच्यात वस्तरा, कात्री, चिमटा, नखं काढायची नराणी, आरसा, वाटी अन् कंगवा असायचा. ही पिशवी काखोटीला मारून न्हावी घरोघरी जायचा. झाडाखाली, ओट्यावर, वाड्याच्या पडवीत त्याचं दुकान लागायचं.

बारा बलुत्यांमध्ये न्हावी हा एक. त्याला रोखीत पैसे नसायचे. सुगी झाली की खळ्यावर जाऊन वर्षभराच्या कामाचं धान्य आणायचं, हे बलुतं. त्या धान्याच्या बदल्यात त्यानं वर्षभर दाढी-डोई करायची, लग्नात नवरदेवामागं उभं राहायचं, पाहुण्यारावळ्यांचे पाय दाबायचे, डोक्याला तेल घालायचं, अंग रगडायचं. गळू झालं तर ते फोडायचं, तुंबडी लावायची, ही कामंही त्याच्याकडं असायची. घरातल्या बाईकडं बऱ्याच गावांत बाळंतिणीचं अन् लेकराचं न्हाऊ-माखू असायचं.

म्हणजे दवाखाना नव्हता तेव्हा गावच्या अंगाची बरीचशी माहिती न्हाव्याच्या बोटांत होती. कुणाची पाठ कुठं धरते, कुणाच्या खांद्यात गाठ आहे, कुणाच्या पायात शिरेवर शीर चढते, हे त्याला हात लावला की कळायचं. पैलवानाच्या तालमीत जे काम उस्ताद करायचा, तेच काम गावात न्हावी करायचा.

हे नुसतं चोचल्याचं काम नव्हतं. अंगाला तेल लावण्याला आयुर्वेदात अभ्यंग म्हणतात आणि चरकसंहितेत ते रोजच्या दिनचर्येत सांगितलं आहे. तिथली उपमा शेतकऱ्याला लगेच पटते. तेलानं मडकं टिकतं, कातडं मऊ राहतं, गाडीचा आस वंगणानं चालतो, तसंच शरीराचं आहे. आपल्याकडं दिवाळीचं अभ्यंगस्नान हे त्याचंच उरलेलं रूप. पूर्वी जे नेहमीचं होतं, ते आता वर्षातून एकदा राहिलं.

मात्र या कामात एक अडचण होती. ज्याचा हात लोकांच्या अंगाला लागल्याशिवाय गावाचा दिवस निघत नव्हता, त्यालाच गाव खालच्या पायरीवर बसवत होतं. राजाच्या गळ्यावर वस्तरा फिरवायचा विश्वास न्हाव्यावर, पण राजाच्या शेजारी बसायचा मान नाही. सेना महाराज याच धंद्यात वाढले, याच रीतीत वागले.

तो दिवस

त्या प्रसंगाची कथा संतचरित्रकार महिपतींनी सविस्तर सांगितली आहे. महिपती हे अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या राहुरी तालुक्यातील ताहराबादचे. त्यांचा भक्तविजय हा ग्रंथ १७६२ चा. आज कीर्तनात जी कथा ऐकायला मिळते, तिचं मूळ बरंचसं तिथं आहे.

सेना महाराजांचा नेम होता. सकाळी स्नान करून विठ्ठलाची पूजा करायची, मगच धोकटी उचलायची. एक दिवस ते पूजेला बसलेले असताना राजाचा माणूस बोलवायला आला. पूजा अर्धी टाकून उठणं त्यांना जमेना. निरोपामागून निरोप आले. इकडं दरबारात जळणारे काही लोक होतेच. न्हावी घरात बसलाय अन् हुकूम मोडतोय, असं त्यांनी राजाच्या कानात भरलं. राजा संतापला. सेनाला बांधून नदीत टाकायची भाषा झाली.

अन् तेवढ्यात दारात सेना न्हावी हजर. खांद्याला धोकटी, मान खाली. तो विठ्ठल होता, हे कुणाला ओळखू आलं नाही. राजाचा राग त्याला बघूनच निवाला. त्यानं राजाची हजामत केली, मग सुगंधी तेलाची वाटी घेऊन अंग चोळायला घेतलं. त्या हातानं राजाला असं बरं वाटलं की असं आधी कधी वाटलं नव्हतं. मालिश चालू असताना राजाची नजर वाटीतल्या तेलावर गेली. तेलात चार हातांचं देवाचं रूप दिसत होतं. वर बघितलं तर समोर रोजचाच सेना. पुन्हा खाली बघितलं तर देव. राजाला काही सुचेना. त्यानं खूश होऊन मूठभर सोन्याची नाणी दिली. देवानं ती धोकटीत टाकली, धोकटी सेनाच्या घरी ठेवली अन् निघून गेला.

दुपारी राजाला पुन्हा त्याच हाताची ओढ लागली. बोलावणं गेलं. सेना महाराज घाबरतच वाड्यात आले, कारण सकाळी आपण आलोच नाही एवढंच त्यांना माहीत होतं. राजा मात्र त्यांच्या पाया पडायला निघाला अन् सकाळचं रूप पुन्हा दाखवायची विनवणी करू लागला. धोकटी उघडली तर आत सोन्याची नाणी. मग सेना महाराजांच्या ध्यानात सगळं आलं. आपल्यासाठी देवाला लोकांच्या अंगाला तेल चोळावं लागलं, याचं त्यांना रडू आलं. राजा त्या दिवसापासून भक्तीला लागला.

ही कथा भक्तीची आहे, तिचा पुरावा मागायचं कारण नाही. पण कथेनं काय ठरवलं ते महत्त्वाचं आहे. देवाला सेनाची अडचण दूर करायला दुसरे शंभर मार्ग होते. राजाला झोप लागली असती, निरोप्या वाटेत चुकला असता, तरी काम भागलं असतं. कथा सांगणाऱ्यांनी देवाच्या खांद्याला धोकटीच दिली. न्हाव्याचं काम देवानं केलं, मग ते काम हलकं कसं, हा सवाल त्यांनी न विचारता विचारला.

जनाबाईंच्या शेजारी, नामदेवांच्या ओळीत

आपल्या भागातल्या माणसाला ही कथा ओळखीची वाटते, त्याला कारण आहे. शेजारच्या गंगाखेडच्या जनाबाईंसोबत विठ्ठल दळतो, शेण्या वेचतो, त्यांची वेणीफणी करतो, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. जनाबाईंच्या नावावर सेना न्हाव्यावरचा अभंगही गायला जातो. दळण असो की मालिश, अंगमेहनतीची कामं देवाच्या हाताला लावायची, ही या संतांची रीतच दिसते.

नामदेवांचं नर्सी तर आपल्याच जिल्ह्यात. त्यांना गुरू भेटले विसोबा खेचर, तेही औंढा नागनाथलाच, असं परंपरा सांगते. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावता माळी, चोखोबा महार, नरहरी सोनार. सेना न्हावी याच रांगेत बसतात. सगळ्यांनी आपापल्या धंद्यातूनच देवाची भाषा बोलली. सेना महाराजांनी आपल्या अभंगात विवेकाचा आरसा दाखवला, वैराग्याचा चिमटा हाती घेतला, डोक्यावर शांतीचं पाणी शिंपडलं अन् अहंकाराची शेंडी पिळली. न्हावी गिऱ्हाइकाला जे जे करतो, ते ते त्यांनी मनाला करायला सांगितलं.

अजून एक धागा नर्सीला जोडलेला आहे. शिखांच्या पवित्र ग्रंथात, म्हणजे श्री गुरू ग्रंथ साहिबमध्ये, नामदेवांची ६१ पदं आहेत हे नर्सीत लहान पोरालाही माहीत असतं. त्याच ग्रंथात भगत सैण यांचंही एक पद आहे, धनासरी रागातलं. हे सैण म्हणजेच आपले सेना न्हावी, असं मानलं जातं. ग्रंथाचं पहिलं संकलन १६०४ साली गुरू अर्जुनदेवांनी केलं. नांदेडच्या गुरुद्वारात जाणाऱ्या आपल्या भागातल्या माणसानं हे ध्यानात ठेवावं, की तिथं ज्या ग्रंथापुढं माथा टेकतात, त्यात नर्सीचा शिंपी आहे तसा एक न्हावीही आहे.

सेना महाराजांनी पंढरीची वारी केली, ज्ञानेश्वरांवर अन् आळंदीवर अभंग रचले. श्रावण वद्य द्वादशीला त्यांनी देह ठेवला, अशी परंपरा आहे.

हाच हात साता समुद्रापार

या हाताचा मान पुढं कुठं कुठं झाला, ते बघण्यासारखं आहे. युरोपातही न्हावीच जखमा बांधायचे, दात काढायचे, हाडं बसवायचे. लंडनमध्ये १५४० साली न्हावी आणि शल्यवैद्य यांची एकच संघटना केली गेली, ती १७४५ पर्यंत चालली. फ्रान्सचे आंब्रवाझ पारे हे शल्यचिकित्सेतलं फार मोठं नाव. त्यांची सुरुवात न्हावी-शल्यवैद्याच्या हाताखालीच झाली.

आपल्या चंपीचं तर नशीबच निराळं. पाटण्यात १७५९ ला जन्मलेले शेख दीन महंमद इंग्लंडला गेले. ब्रायटन या समुद्रकाठच्या गावात त्यांनी वाफेचं स्नान आणि हिंदुस्थानी मालिश सुरू केली. सांधे धरलेले, पाठ दुखणारे गोरे लोक त्यांच्याकडं रांग लावू लागले. पुढं इंग्लंडच्या दोन राजांच्या सेवेत त्यांची नेमणूक झाली. दुकानात एक रुपयाच्या पुडीत मिळणारा शाम्पू हा शब्दसुद्धा आपल्या चंपीवरूनच इंग्रजीत गेला आहे. तिकडं ही कला राजवैद्याच्या मानाला पोचली. इकडं मात्र ती करणारा खळ्यावर पायलीभर धान्यासाठी उभाच राहिला.

आजचं दुखणं अन् सेना महाराजांचा वारसा

पुण्यतिथी येते ती ऐन कामाच्या दिवसांत. सोयाबीन, कापूस, हळद रानात उभी. सोळा लिटरचा फवारणी पंप पाठीवर घेतला की नुसतं पाणीच सोळा किलो. बाया दिवसभर वाकून निंदतात-खुरपतात. पुढं सोयाबीनची काढणी, मग फाल्गुनात हळदीची खोदणी अन् शिजवणी. कंबर, मान, खांदा, गुडघा यातलं काही दुखत नाही असं घर सापडणार नाही. बरेच जण मेडिकलवरून गोळी आणतात, रात्री गिळतात अन् सकाळी पुन्हा पंप उचलतात. रोजच्या वेदनेच्या गोळ्या पोटाला अन् किडनीला भारी पडतात, हे डॉक्टर सांगून थकले.

अशा दुखण्यात हाताचा उपयोग खरोखर होतो. लागलं की आपण नकळत तिथं चोळतो. त्यामागचं कारण मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलं. वेदना मेंदूकडं जाताना पाठीच्या मणक्यातल्या मज्जारज्जूत जणू एक फाटक लागतं. चोळल्याचा, दाबल्याचा स्पर्श तिथं पोचला की ते फाटक थोडं लोटलं जातं अन् वेदना कमी पोचते. शिवाय आवळलेला स्नायू ढिला होतो, झोप लागते. कामानं अंबारलेली पाठ, अवघडलेला खांदा, जुनी कंबरदुखी यात कोमट तिळाच्या किंवा करडीच्या तेलानं हलक्या हातानं चोळलं, वर मिठाच्या पुरचुंडीनं किंवा निर्गुडीच्या पाल्यानं शेकलं, की बरं वाटतं. तरी दोन-चार दिवसांचा हा आराम असतो. काम करायची पद्धत बदलली नाही तर दुखणं परत येतं.

पण हात कुठं थांबवायचा हेही कळायला पाहिजे. आयुर्वेदानंसुद्धा अजीर्णात अन् नव्या तापात अभ्यंग करू नये, असं बजावलं आहे. आजच्या डॉक्टरांचं सांगणं असं :

पाय मुरगळला, लचक भरली, तर पहिले दोन दिवस रगडू नका. त्यानं सूज वाढते. थंड पाण्याचा किंवा फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाचा शेक द्या, पाय उंचावर ठेवा, विसावा द्या. चोळणं नंतर.

हात-पाय वाकडा दिसतोय, वजन देता येत नाही, हात लावू देत नाही, तर आधी एक्स-रे. मोडलेल्या हाडावर घट्ट बांबूच्या पट्ट्या आवळल्यानं रक्त थांबून हात-पाय काळा पडल्याची उदाहरणं दवाखान्यांनी बघितली आहेत. पट्टी बांधल्यावर बोटं सुजली, गार पडली, बधिर झाली तर पट्टी ताबडतोब सोडवा.

एकाच पायाची पोटरी सुजली, लाल झाली, गरम लागते, तर मालिश करू नका. शिरेत रक्ताची गाठ असू शकते. चोळलं तर ती सुटून फुफ्फुसात जायचा धोका असतो.

कंबरदुखीत पाय बधिर झाले, लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर पाठ तुडवून घेत बसू नका. त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. उसण भरली की पायाळू माणसाची लाथ मारून घ्यायची रीत आपल्याकडं आहे. साध्या उसणीत ती हसण्यावारी जाते, पण म्हाताऱ्या माणसाच्या ठिसूळ मणक्यावर कुणाचाच पाय पडू नये.

अन् सलूनमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे मान मोडणं. दाढी-कटिंग झाली, चंपी झाली, की मान धरून कट्कन आवाज काढायचा. गिऱ्हाईक खूश होतं, मागूनही घेतं. पण मानेतून मेंदूला रक्त नेणाऱ्या शिरा जातात. झटक्यानं त्या शिरेला आतून इजा झाली तर पक्षाघात होऊ शकतो, असा इशारा डॉक्टर देतात. चंपी करा, खांदे दाबा, मान मात्र मोडू नका, अन् गिऱ्हाइकानंही मागू नये. सेना महाराजांच्या वाटीतल्या तेलानं राजाला बरं वाटलं होतं. त्या कथेत झटका कुठंच नाही.

हाताचा मान

एक गोष्ट राहून जाते. दिवसभर दुसऱ्याची चंपी करणारा सलूनवाला स्वतः दहा-बारा तास उभा असतो. त्याची टाच दुखते, पोटरीच्या शिरा फुगतात, कात्री धरून मनगट भरून येतं, खांदा उतरतो. गावातली बाळंतिणीला अन् लेकराला तेल लावणारी म्हातारी उकिडवं बसून बसून गुडघ्यानं गेलेली असते. या लोकांच्या हाताला दाम देताना गाव अजूनही घासाघीस करतं. मालिश फुकटात, दाढीसोबत, असंच धरून चालतं.

सेना महाराजांनी राजाची चाकरी केली, अभंग रचले, पंढरी गाठली, पण आपला धंदा कमी लेखला नाही. त्यांच्या कथेत देवानं ज्या हाताचं रूप घेतलं, तो हात आजही प्रत्येक गावात आहे. द्वादशीला फोटोला हार घालून झाला की त्या हाताचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. दिवसभराच्या कामानंतर घरातल्या म्हाताऱ्या आईच्या पायाला कोमट तेल लावायला कुणाला बोलवायची गरज नाही. ते काम घरच्याच हातानं केलेलं बरं.